दूध सोडून काही नाही

१२ जानेवारी २०२५, रविवार

ही वही जो कोणी उघडेल त्याने आधी आपला चष्मा शोधावा. डोक्यावर आहे. गॅसवर दूध ठेवून आला असशील तर तेही बंद करून ये, मी कुठे पळून जात नाही. तिसऱ्या पानावर पोचेपर्यंत पहिल्या पानावर काय होतं ते तू विसरणार, म्हणून माणसं आत्ताच सांगून ठेवते.

मी रुक्मिणी. वय अठ्ठ्याहत्तर की एकोणऐंशी, ज्यांना नक्की ठाऊक होतं ते सगळे गेले. अक्षर शिकले नाही. मी बोलते, शुभा लिहिते. शुभा समोरच्या दारातली, पोस्टातून निवृत्त झालेली. मी मालवणीत बोलते, ती सरळ करून लिहिते आणि माझ्या शिव्या गाळते. (गाळत नाही, कमी करते. शुभा)

मुलुंड पूर्वेला म्हाडाच्या इमारतीत मी नातू सुयोग, नातसून श्वेता आणि पणतू निहार यांच्याबरोबर राहते. निहार सात महिन्यांचा. सहाव्या महिन्यात उष्टावण केलं, चांदीच्या वाटीतली खीर चाटवली, आणि त्या आठवड्यापासून पोर ओकायला लागलं. केळं कुस्करून दिलं, ओकलं. पोट ढोलकीसारखं ताठ, डोळे हळदीत बुडवून काढल्यासारखे. गेला आठवडा हॉस्पिटलात होता. सलाईन लावलं की सुधारला. तिथल्या शर्मिष्ठा डॉक्टर म्हणाल्या, यकृत सुजलंय, कारण कळेपर्यंत बाहेरचं सगळं बंद, फक्त आईचं दूध. श्वेताने भिंतीवर तक्ता लावलाय. किती वाजता पाजलं, किती ओकलं. तक्त्यात पोराच्या पोटातलं, वहीत माझ्या पोटातलं.

आज घरी आणला. आंघोळ घातली, घुटी दिली, श्वेताने पाजलं, झोपला. घरात इतकं शांत किती दिवसांनी झालं.

१५ जानेवारी, बुधवार

परत ओकला, दोनदा. अंग गार, कपाळावर घाम. श्वेताने तक्त्यात लिहिलं, दूध सोडून काही नाही.

बोरन्हाणासाठी हलव्याचे दागिने आणून ठेवले होते, ते कपाटात सरकवले. पुढे करू.

पोराच्या अंगात काही राहिलं नाही म्हणून मी घुटीत खारकेचे वेढे पाचाचे दहा केले. बाकी नेहमीचंच, हळकुंड, जायफळ, मुरुडशेंग. वेखंड कडू लागतं, म्हणून वरून मधाचं बोट. पण हा मधालाही तोंड फिरवतो. गोड नको म्हणणारं पोर आमच्या घराण्यात कुठून आलं कोण जाणे. सुयोग दोन वर्षांचा असताना गुळाच्या डब्यात हात अडकवून बसायचा.

नाक धरून पाजावं लागलं. रडला. मग माझ्याकडे असं बघितलं, जसं मोठं माणूस बघतं.

१९ जानेवारी, रविवार

आज अपूर्वा आली. ही सुयोगची धाकटी बहीण, पवईला संशोधन करते, हॉस्टेलवर राहते. काय संशोधन, ते चार वर्षांत मी तिला चार वेळा विचारलं आणि चारही वेळा ऐकताना मला झोप लागली. आज नाही लागली.

निहारच्या रक्ताचा मोठा रिपोर्ट आलाय. त्यात एका प्रोटीनबद्दल लिहिलंय.

"आजी, प्रोटीन म्हणजे वीस प्रकारच्या मण्यांची माळ. कुठला मणी कितव्या जागी, ते आईबापांकडून येतं. माळ ओवून झाली की आपली आपण वळते, गुंडाळते आणि एक आकार घेते. तो आकार बरोबर आला तरच ती कामाची."

हे मला लगेच पटलं. मी एकवीस वर्षं मिठाईचे खोके वळले आहेत. सपाट पुठ्ठा येतो, त्यावर रेघा दाबलेल्या असतात. खोका कसा होणार ते त्या रेघांनीच ठरवलेलं असतं, वळणारी आपली निमित्ताला. एक रेघ चुकली की झाकण बसत नाही.

"मग तो आकार भिंगातून बघायचा," मी म्हटलं.

"इतकं बारीक दिसत नाही गं. एकेका आकारासाठी लोकांची वर्षं जातात. म्हणून आम्ही कॉम्प्युटरला नुसती माळ देतो आणि आकार ओळखायला सांगतो."

"त्याला कसा कळतो?"

"गाय, उंदीर, मासा, सगळ्यांत थोड्या फरकाने हीच माळ असते. तो त्या सगळ्या शेजारी शेजारी मांडतो. मग असे दोन मणी सापडतात की एक बदलला की दुसराही बदलतो. माळेत लांब असतील, पण वळल्यावर ते एकमेकांना चिकटून बसत असणार."

आमच्या जुन्या चाळीत पहिल्या खोलीतलीने पडदा बदलला की नवव्या खोलीतली दोन दिवसांत बदलायची. मधे सात दारं. पण चाळ वळलेली, म्हणून मागच्या बाजूला दोघींच्या खिडक्या समोरासमोर. मी अपूर्वाला म्हटलं, "म्हणजे तुझा कॉम्प्युटर चाळीतल्या बायकांसारखा."

"तसाच. फक्त तो कुठे खात्री आहे नि कुठे अंदाज, ते रंगाने सांगतो. निळं म्हणजे खात्री. नारिंगी म्हणजे अंदाज."

मग चाळीतल्या बायकांपेक्षा बरा.

नंतर तिने हसणं थांबवलं. या प्रोटीनच्या निहारकडे दोन प्रती आहेत, एक बापाकडची, एक आईकडची. दोन्हींत एकेक मणी बदललाय. सुयोगकडून आलेला बदल वाईट, हे सगळ्या जगाला माहीत आहे. श्वेताकडून आलेला बदल कुणी कधी पाहिलाच नव्हता. तो साधा असेल तर एक प्रत चांगली आणि पोराचा आजार दुसराच कसला तरी. तो वाईट असेल तर दोन्ही प्रती गेल्या.

"आणि हे प्रोटीन करतं काय?" श्वेताने विचारलं.

"फळांतली, उसातली साखर मोडतं. ती मोडली नाही की यकृतात विषासारखी साठते. खीर, केळं, सगळं विष."

"ते तर बंदच आहे," श्वेता म्हणाली.

बंदच आहे. दोन आठवडे होत आले. मग पोर का वाळतंय?

२५ जानेवारी, शनिवार

मंगळवारी पुन्हा हॉस्पिटल. दोन दिवसांत पोर हसायला लागलं, नर्सच्या घड्याळाला झोंबायला लागलं. घरी आणलं की पडतं, तिथे नेलं की उठतं.

आज कॅन्टीनमध्ये श्वेता सुयोगला म्हणाली, "आपल्या घरातच काहीतरी आहे." सुयोगने पाण्याची टाकी धुवून घ्यायचं ठरवलं. श्वेताच्या आईने दृष्ट काढायला सांगितली. मी मीठमोहरी घेऊन उभी राहिले, पण मनात आलं, दृष्ट काढायची ती कुणाची. घरात माणसं तीनच. त्यातली एक मी.

सहाण, वाटी सगळं घरी, म्हणून हॉस्पिटलात घुटीचाही खाडा पडलाय. एवढं नाजूक पोर, आणि त्याच्या पोटाला माझ्या हातचा आधार नाही.

३० जानेवारी, गुरुवार

परवा घरी आणला. आता सकाळ-संध्याकाळ दोनदा घुटी देते. काल संध्याकाळी ओकला. आज सकाळी ओकला.

अपूर्वा लॅपटॉप घेऊन आली. एका बाजूला चांगल्या माळेचा आकार, दुसऱ्या बाजूला आपल्या निहारचा, श्वेताकडून आलेल्या मण्यासकट. फिरवून फिरवून दाखवला. रिबिनीचा गुंता करून ठेवावा तसं दिसतं. मला काही फरक दिसेना.

"फरक नाहीच," ती म्हणाली. "वरपासून खालपर्यंत निळा."

श्वेता रडायलाच लागली. तिला वाटलं, सुटलो, माझ्याकडून काही गेलं नाही. अपूर्वाने तिचा हात धरला. "वहिनी, ऐक. आमचे सर म्हणतात यावर विसंबू नका. हा प्रोग्रॅम घराण्याचा चेहरा काढतो. एक दात पडलेला असला तरी तो चेहरा तोच काढतो."

मी तिला मोठ्या खोक्यांचं सांगितलं. आत चार कप्प्यांची जाळी असते, पुठ्ठ्याच्या पट्ट्या खाचांत खाचा घालून बसवायच्या. सुटी पट्टी हातात घेतली तर सगळ्या सरळच दिसतात. जोडायला गेलं की खाच चुकलेली कळते.

अपूर्वा माझ्याकडे वळली. "हे प्रोटीन चार-चार जोडूनच काम करतं, आजी. हा मणी जोडावरच आहे. चारही एकत्र घालून बघायचेत, पण त्याला मोठं मशीन लागतं. तीन दिवस झाले, नंबर लावलाय."

म्हणजे तिला आधीच ठाऊक होतं. तरी मी शुभाला सांगितलंय, हे माझ्या नावावर लिही.

डॉक्टरांचं मत वेगळं. पोराच्या पोटात साखरच जात नाही आणि तरी ते खालावतंय, म्हणजे हा आजार तो नव्हे.

४ फेब्रुवारी, मंगळवार

निहारच्या नाकातून रक्त आलं. थांबेना. रिक्षात सुयोगचा शर्ट पुढून सगळा भरला.

शर्मिष्ठा डॉक्टरांनी आम्हाला खोलीत बसवलं. यकृत दमलंय. आणखी एक-दोन असे झटके, मग हातात काही नाही. बुधवारी, बारा तारखेला, यकृत बदलायचं. श्वेताच्या यकृताचा तुकडा काढून त्याला लावायचा. तिच्या तपासण्या सुरू झाल्या.

"आणि कारण?" सुयोगने विचारलं.

"कारण अजून हातात नाही. वेळही नाही."

श्वेताने कागदावर सही केली. सव्वीस वर्षांची पोर. मी अंगठा उठवणारी, मला सहीतलं काय कळणार, पण पेन किती दाबून धरलं होतं ते दिसलं.

माझं काढा म्हणून मी डॉक्टरांना सांगितलं. त्या म्हणाल्या, "आजी, तुमचं वय झालं." मी म्हटलं, मग तर मला त्याचा उपयोगच नाही. त्या हसल्या नाहीत.

६ फेब्रुवारी, गुरुवार

अपूर्वाचा नंबर लागला. चारही एकत्र घातले. चांगल्या माळेचे चार नीट एकमेकांत बसले, जोड निळा. श्वेताकडून आलेला मणी घातला की जोड नारिंगी. पाच वेळा करून बघितलं. जे बदल साधे म्हणून ठाऊक आहेत ते घालून बघितले, जोड निळाच. जे वाईट म्हणून ठाऊक आहेत त्यांतले दोन घातले, नारिंगी.

ती धावतच वॉर्डात आली. डॉक्टरांनी सगळं उभ्या उभ्या ऐकलं, मधे एकदाही तोडलं नाही.

"अपूर्वा, तुझं काम मला पटतंय. पण हा अंदाजच. तुझं मशीन आकार सांगतं, आजार मला पोर सांगतं. त्याला साखर मिळालेली असती आणि तो असा झाला असता, तर मी आत्ता ऑपरेशन थांबवलं असतं. हा तक्ता बघ. सव्वीस दिवस." श्वेताने घरून काढून आणलेल्या तक्त्यावर त्यांनी बोट ठेवलं. दूध सोडून काही नाही. दूध सोडून काही नाही.

मग त्या माझ्याकडे वळल्या. "आजी, घरी दिवसभर तुम्ही असता. चुकून, लाडाने, कुणी काही चाटवलं? बिस्कीट, साखरेचं पाणी?"

"निहारची शपथ घेऊन सांगते," मी म्हटलं. "दूध सोडून काही नाही."

अपूर्वा भिंतीला टेकून खाली बसली. मला इतकं वाईट वाटलं. चार वर्षं शिकली, आणि तिचं म्हणणं खोटं ठरलं ते माझ्या तोंडून.

संध्याकाळी भेटीच्या वेळेला मी घरून वाटी घेऊन गेले. ऑपरेशनच्या आधी थोडी ताकद यावी म्हणून. श्वेता तपासणीला खाली गेली होती. चार चमचे गेले.

१० फेब्रुवारी, सोमवार

तीन दिवस शुभा वही घेऊन बसली आणि मी तिला परत पाठवलं. आज सांगते. शुभा, यातलं काही सरळ करू नकोस.

शुक्रवारी सकाळी निहार एकदम गार पडला. हॉस्पिटलात असं पहिल्यांदाच झालं. रक्तातली साखर खाली गेली म्हणाले. साखर खाऊन साखर खाली जाते, हे मला अजून समजलेलं नाही. सगळे धावत होते. सुयोग म्हणत होता, इथेही व्हायला लागलं, आता घराचा दोष तरी कसा म्हणायचा.

सलाईनवर आला परत. संध्याकाळी मी पुन्हा वाटी घेऊन गेले. पदराखाली. लपवलेली नव्हती, गार होऊ नये म्हणून. चमचा तोंडाजवळ नेला तर पोराने ओठ दाबून धरले. तेवढ्यात अपूर्वा आली.

"काय आहे ते?"

"काही नाही गो. घुटी."

"कशाची?"

"कशाची म्हणजे? बाळघुटी. तुलाही दिलीय. तुझ्या बापालाही."

"आजी, त्यात काय काय असतं?"

मी सांगायला लागले. वेखंड, हळकुंड, जायफळ, मुरुडशेंग, बदाम. खारीक. इथे माझी जीभ थांबली. कुणी थांबवली नाही, आपली आपण थांबली. मध, मी म्हटलं.

अपूर्वाने वाटी हातातून घेतली. हळू घेतली. "किती दिवस?"

"बाराव्या दिवसापासून. रोज. खारीक नि मध उष्टावणापासून."

"आणि तू शपथ घेतलीस."

"ते खाणं नव्हे," मी म्हटलं. "ते औषध." हे म्हणताना मला ऐकू येत होतं मी काय म्हणतेय ते.

खोटं बोलले असते तर बरं झालं असतं. खोटं पकडता येतं. त्यांनी विचारलं पोराने काय खाल्लं, आणि मी मनात खरोखर शोधलं, आणि मला काही सापडलं नाही.

आता आणखी एक. शर्मिष्ठा डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, घराण्यात तान्हं मूल गेलंय का. मी नाही म्हटलं. माझी पहिली मुलगी आठ महिन्यांची होऊन गेली. दात आले नव्हते. दात न आलेलं मूल पुरतात, त्याचं सुतक मोठं नसतं, पुढे कुणी नाव काढत नाही. मुलं किती म्हणून विचारलं की मी साठ वर्षं एकच सांगत आले, मधुकर, सुयोग-अपूर्वाचा बाप. तीही ओकायची. तिचेही डोळे पिवळे झाले होते. तेच होतं की दुसरं, आता कुठला कॉम्प्युटर सांगणार. घुटी तिलाही मीच उगाळून देत होते. पहिलीच होती, म्हणून जास्त.

तेवढंच. शुभा, पेन ठेव.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

काल बारा तारीख होती. ऑपरेशन झालं नाही. डॉक्टर म्हणाल्या, साखर पूर्ण तोडून आठ दिवस बघू. यकृत स्वतः सावरलं तर सावरलं. नाही तर वेळ हातची गेलेली असेल, आणि हे त्या सुयोगला स्पष्ट सांगतायत. म्हणजे आम्ही आठ दिवस काय करतोय, तर पैज लावून बसलोय.

श्वेता माझ्याशी बोलत नाही. मी वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसते. नर्स आत या म्हणते, मी नको म्हणते. माझ्या हातांना अजून जायफळाचा वास येतो. साबणाने जात नाही.

डॉक्टर मात्र बाकावर येऊन बसल्या माझ्या शेजारी. म्हणाल्या, "घुटीचं मी विचारायला हवं होतं. मीसुद्धा घुटीवरच वाढले. माझ्याही मनात आलं नाही." बाई भली आहे. पण त्याने मला हलकं वाटलं नाही.

१७ फेब्रुवारी, सोमवार

आजचं मी हॉस्पिटलातून फोनवर सांगतेय, शुभा. हळू बोलते, नीट लिही.

यकृताचे आकडे खाली आलेत. निम्मेही नाही, पण खाली. डॉक्टर अजून शब्द देत नाहीत. डोळे पिवळेच आहेत. आज सकाळी पंख्याकडे बघत बराच वेळ पडून होता, रडला नाही. न रडणं चांगलं की वाईट हे विचारायचा मला धीर झाला नाही.

दुपारी श्वेता बाहेर आली आणि बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसली.

"आजी, तक्त्यातलं अक्षर माझं आहे," ती म्हणाली. "आंघोळ झाली की रोज मीच त्याला तुमच्या मांडीवर देत होते. वाटी मीच धुवायचे. हात पुसायचे आणि लिहायचे, दूध सोडून काही नाही."

मी हात पदराखाली घेतले.

"तरी तुमचा राग येतो मला. तो जाईल असं मी सांगत नाही."

"राहू दे," मी म्हटलं. "मी इथेच आहे."

आम्ही दोघी समोरच्या लिफ्टकडे बघत होतो. तीन वेळा वर गेली, तीन वेळा खाली आली. मग तिने सांगितलं, डॉक्टरांनी उद्यापासून दोन चमचे भाताची पेज चालेल म्हटलंय. घरून आली तर बरी. हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरातल्या हातांचा तिला भरवसा नाही. माझ्या हातांचा आहे असंही ती म्हणाली नाही. एवढंच म्हणाली, काय काय घातलं ते कागदावर लिहून आलं पाहिजे, नाही तर डबा परत जाईल.

तेव्हा शुभा, पेज तू कर. माझं पातेलं घेऊ नकोस, तुझं घे, आणि आधी उकळत्या पाण्याने धू. उकडे तांदूळ मूठभर, चार पाण्यांतून काढ. मऊ होऊन फुटेपर्यंत शिजव, वरचं निवळ तेवढं गाळून घे. मीठ चिमूटभर. तूप नको, मी अजून विचारलेलं नाही. जिरं नको, हिंग नको, चव बघायला बोटही घालू नकोस. सकाळी नऊला सुयोग दारात येईल, त्याच्याकडे स्टीलचा डबा दे. बरोबर कागद दे, आणि त्यावर सगळं लिही. तांदूळ लिही, मीठ लिही, पाणी घातलंस तेही लिही.